गल्लीचं काँक्रिटीकरण: रविवारी साइट इंजिनीअर येणार आहे, काय काय विचारू?

गल्लीकर

नमस्कार मंडळी. कांदिवलीतली आमची गल्ली यंदा काँक्रीटची होणार. बोर्ड लागला, कंत्राटदाराच्या माणसाने सगळ्या सोसायट्यांना एक कागद वाटला. रविवारी सकाळी त्यांचा साइट इंजिनीअर आणि वॉर्ड ऑफिसचे दुय्यम अभियंता आमच्या हॉलमध्ये येणार आहेत. चौदा सोसायट्यांतर्फे बोलायचं काम माझ्या गळ्यात पडलंय, कारण ज्या मीटिंगमध्ये ते ठरलं तिला मी गैरहजर होतो.

गल्ली अशी: लांबी साधारण ४०० मीटर, रुंदी ९ मीटर. एक टोक मुख्य रस्त्याला, दुसरं नाल्याच्या भिंतीला. म्हणजे आत शिरायचं आणि त्याच वाटेने बाहेर यायचं. मध्यावर शाळा आहे (दहावी-बारावीचं केंद्र), तिच्यासमोर एक छोटं नर्सिंग होम. दोन्ही बाजूंना रात्री गाड्या उभ्या असतात. पाणी पहाटे साडेचार ते सात.

कागदावर एक तक्ता आहे: खोदकाम १० दिवस, पाइप व केबल १५ दिवस, खडीचा थर ५, खालचं काँक्रीट ५, वरचं काँक्रीट १०, इतर १५. एकूण ६० दिवस. शेजारच्या गल्लीत गेल्या वर्षी असाच कागद वाटला होता आणि तिथली माणसं पावसाळ्यात फळीवरून घरात जात होती. तेव्हा या तक्त्यात काय खोट आहे आणि काय मागायचं, जाणकारांनी सांगावं.

पुणेरी_वळण

वाचनखूण साठवली. आमच्याकडे तक्ताही देत नाहीत. सकाळी उठून पाहावं तर गेटसमोर चर. (हलके घ्या.)

बारदान

मी हेच काम करतो. कंत्राटदारांकडे प्लॅनिंगला आहे, मुंबई-ठाण्यात बऱ्याच गल्ल्या झाल्या. तुमच्या कागदातली खोट एका वाक्यात सांगतो: त्यावर दिवस आहेत, जागा नाही. गल्लीतलं काम दिवसांनी अडत नाही, जागेने अडतं.

आधी दिवसांचाच हिशोब करू, कारण तोही लागत नाही. गल्ली बंद टोकाची असल्यामुळे काम अर्ध्या-अर्ध्या रुंदीतच करावं लागणार. साडेचार मीटर खोदायचा, साडेचार मीटर चालू ठेवायचा. खालचं काँक्रीट, ज्याला आम्ही डीएलसी म्हणतो, ते टाकल्यावर वरचं टाकायच्या आधी साधारण ७ दिवस द्यावे लागतात. वरच्या काँक्रीटला, म्हणजे पीक्यूसीला, निदान १४ दिवस ओलं ठेवायचं आणि वाहतूक २८ दिवसांनी सोडायची, असं आयआरसी १५ मध्ये (इंडियन रोड्स काँग्रेसच्या काँक्रीट रस्त्यांच्या नियमांत) आहे. म्हणजे एका बाजूला ३५ दिवस नुसते थांबण्याचे. दुसरी बाजू खोदायची ती पहिल्या बाजूवर गाड्या चढल्यावरच. दोन बाजूंचे मिळून ७० दिवस तर फक्त काँक्रीट पिकायला गेले. तक्त्यात सगळं मिळून ६०. हा तक्ता रुंद, दोन्ही बाजूंनी मोकळ्या रस्त्याचा आहे. नाव बदलून तुमच्या गल्लीला लावलाय.

खरा हिशोब पाइप-केबल धरून साडेपाच-सहा महिन्यांचा येईल. नोव्हेंबरच्या मध्यावर सुरू केलं तर ३१ मेच्या आत बसतं, पण काठोकाठ. म्हणून रविवारी पहिला प्रश्न हा विचारा: दुसरी बाजू कोणत्या तारखेनंतर खोदायची नाही? ती शेवटची तारीख कागदावर येऊ द्या. फेब्रुवारी संपेपर्यंत पहिली बाजू चालू झाली नसेल तर दुसरीला हात लावायचा नाही, ती पावसाळ्यानंतर. अर्धी गल्ली चांगली आणि अर्धी जुनी डांबरी, हे पावसात चालतं. अर्धी चांगली आणि अर्धी खड्ड्यात, हे नाही.

जागेचं रात्री लिहितो, आत्ता साइटवर आहे.

गल्लीकर

बारदानसाहेब, ३५ दिवसांचं गणित कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. रात्रीची वाट बघतो.

कोपऱ्यावरचा_वाणी

काँक्रीट कशाला हवं मुळात? डांबर काय वाईट होतं? चार वर्षांनी गॅसवाले, केबलवाले येणार आणि परत फोडणार.

संपादक_मंडळ

डांबर विरुद्ध काँक्रीट या विषयावर दोन धागे आधीच आहेत. इथे कामाच्या नियोजनावर बोलावे ही विनंती.

बारदान

आता जागा. गल्लीकर, रविवारच्या आधी एक काम करा. मोठा कागद घ्या, गल्ली आखा, प्रत्येक गेट, झाड, विजेची पेटी आणि मॅनहोल टाका. मग त्यावर खालचे आकडे मनात धरून बघा.

एका बाजूचं खोदकाम: ४०० गुणिले साडेचार गुणिले खोली सुमारे ०.७ मीटर. झाले १,२६० घनमीटर. माती सुटी झाली की फुगते, सव्वापट धरा, साधारण १,५७५. दहा घनमीटरचा डंपर धरला तर दीडशेच्या वर फेऱ्या, तेही एका बाजूच्या. तेवढीच खडी आणि काँक्रीट आत यायचं आहे. पीक्यूसी २५ सेंटीमीटर धरलं तर एका बाजूला ४५० घनमीटर, म्हणजे ६ घनमीटरचे ७५ ट्रान्झिट मिक्सर (फिरत्या ड्रमचे काँक्रीटचे ट्रक).

ही सगळी वाहनं त्या उरलेल्या साडेचार मीटरमधून जाणार. त्यातले अर्धा मीटर बॅरिकेड खातं. राहिले चार. त्या चारात एक जरी गाडी उभी असली तर भरलेला मिक्सर जात नाही. पंचवीस टनांच्या वर वजन असतं आणि तो खड्ड्याच्या कडेने चाललेला असतो. कड ढासळली की मिक्सर आडवा. म्हणून बॅरिकेड कडेला चिकटून नको, आत सरकवून हवं, आणि रात्री लाल दिवे. ते कसं लावायचं याला आयआरसीचं एसपी ५५ आहे: आधी सूचनेचा पट्टा, मग वाहतूक वळवायचा, मग कामाचा, मग परत रस्त्यावर आणायचा. गल्लीत एवढं सगळं बसत नाही, पण मुख्य रस्त्यावरच्या तोंडाशी ते असायलाच हवं. कारण मिक्सर तिथेच थांबणार, तिथेच वळणार.

आणि मिक्सर आत उलटा येणार. नाल्याकडे वळायला जागा नाही. ४०० मीटर रिव्हर्स, रात्री. मागे शिटी घेतलेला माणूस हवा. फक्त आरशात बघून येणारा ड्रायव्हर नको. भरणं नाल्याच्या टोकाकडून सुरू करून मुख्य रस्त्याकडे सरकत यायचं, म्हणजे रोज रिव्हर्सचं अंतर कमी होतं.

थोडक्यात, तुमच्या गल्लीचं काम पार्किंगवर उभं आहे. दोन्ही बाजूंच्या गाड्या सहा महिने कुठे जाणार, हे आधी ठरवा. कंत्राटदार ते ठरवू शकत नाही आणि ट्राफिकचा हवालदार रोज गाड्या उचलत बसणार नाही.

निवृत्त_दुय्यम

बारदान यांचे बहुतेक बरोबर. दोन गोष्टींत मतभेद.

एक, २८ दिवस हा दगडावर कोरलेला आकडा नाही. ताकद लवकर येणारे मिश्रण घेतले आणि साइटवर भरलेल्या ठोकळ्यांच्या चाचणीत ती ताकद दिसली तर हलक्या वाहनांना आधी सोडता येते. पण लेखी परवानगीने. 'कडक झालंय की, जाऊ द्या' असे मुकादमाच्या तोंडी हुकमावर नव्हे.

दोन, आणि हे महत्त्वाचे. पार्किंगपेक्षा मोठे संकट जमिनीखाली आहे. माझ्या नोकरीत काँक्रीट उशिरा आले म्हणून रखडलेली कामे मोजकी. खोदल्यावर नकाशात नसलेली जलवाहिनी निघाली, मलनिःसारण वाहिनीचा उतार उलटा निघाला, विजेची केबल हातभर खोलीवरच सापडली, ही कारणे रोजची. म्हणून सरसकट खोदण्याआधी आडवे चाचणी खड्डे घ्यावेत. दर पंचवीस-तीस मीटरवर, कुदळ-फावड्याने, यंत्राने नव्हे. जे सापडेल ते रस्त्यावर रंगाने आखावे आणि नकाशावर उतरवावे. तुमच्या तक्त्यात 'पाइप व केबल १५ दिवस' आहे. ते १५ दिवस कुणी, काय बघून ठरवले, हा प्रश्न रविवारी जरूर विचारा. चाचणी खड्डे न घेता लिहिले असेल तर तो अंदाजही नाही.

केंद्र सरकारचे 'कॉल बिफोर यू डिग' नावाचे ॲप मार्च २०२३ मध्ये आले. खोदणाऱ्याने आधी कळवायचे, ज्यांच्या वाहिन्या आहेत त्यांना निरोप जातो. कळवले का, एवढेच विचारा.

बारदान

+१. जमिनीखालचं मान्य. फक्त भर घालतो: खोदायच्या आधी पाइप, मॅनहोलच्या फ्रेमा आणि केबल ओलांडायचे डक्ट साइटवर आले आहेत का, ते डोळ्यांनी बघा. खोदकामाचं मोजमाप लगेच होतं, बिल लगेच लागतं, म्हणून खोदायची घाई असते. पाइपला मात्र 'ऑर्डर दिलीय'. शेजारच्या गल्लीचं काय झालं असेल ते मी न बघता सांगतो: पूर्ण लांबी एकदम खोदली, मग पाइपची वाट बघत बसले.

तुम्ही मागा: एका वेळी १०० मीटरपेक्षा जास्त उघडायचं नाही. पुढचे १०० उघडायचे ते मागच्यात पाइप टाकून भराव झाल्यावर. त्यांना आवडणार नाही, पोकलेन परत परत आणावा लागतो म्हणतील. आणू द्या.

डक्ट_डक्ट_गूज

कोपऱ्यावरच्या वाण्यांचा मुद्दा तसा विषयाला धरूनच होता. दर काही मीटरवर रस्त्याखालून आडवे रिकामे पाइप टाकून ठेवले आणि त्यांची तोंडं फूटपाथवरच्या चेंबरमध्ये काढली, तर उद्या केबलवाल्याला काँक्रीट फोडावं लागत नाही. पण ते डक्ट कुठे आहेत हे दाखवणारा नकाशा सोसायटीकडे हवा. नाहीतर डक्ट असूनही फोडतात, कारण ते कुठे आहेत हे कुणाला माहीतच नसतं.

ड्रमफिरता

मी आरएमसी प्लांटवर (जिथून तयार काँक्रीट मिक्सरमधून जातं) डिस्पॅच बघायचो. काँक्रीटच्या रात्री काय होतं ते सांगतो, कारण तक्त्यात ते 'पीक्यूसी १० दिवस' एवढंच असतं.

शंभर मीटरची एक बाजू म्हणजे ११२ घनमीटर, १९ मिक्सर. एक मिक्सर रिकामा व्हायला आणि पसरायला वीस मिनिटं धरा. झाले सहा तासांच्या वर. रात्री दहाला पहिला लागला तर पहाटे साडेचार. आता प्लांटवर भरणं, येणं, रांगेत थांबणं, खाली करणं, परत जाणं असा एक फेरा दोन तासांचा धरला, तर दर वीस मिनिटाला एक यायला सहा मिक्सर फिरते हवेत आणि एक राखीव. प्लांटवाला चार देतो. कारण त्याच रात्री त्याची अजून तीन ठिकाणी भरणी असते. मग दोन वाजता गॅप पडतो. अर्ध्या पॅनलमध्ये (दोन जॉइंटमधल्या तुकड्यात) काँक्रीट घट्ट व्हायला लागतं आणि पुढचा मिक्सर आल्यावर जुन्याला नवं नीट धरत नाही. तो पॅनल पुढे तिथेच तडकणार.

म्हणून भरणी थांबवायचीच असेल तर ती जॉइंटवर, मध्येच कुठेतरी नाही. हे मुकादमाला माहीत असतं, पण रात्री तीनला सगळ्यांनाच घरी जायचं असतं.

दुसरं, चलन. प्रत्येक मिक्सरबरोबर प्लांटचं चलन येतं, त्यावर भरल्याची वेळ छापलेली असते. भरल्यापासून दोन तासांत खाली व्हायला हवं (भारतीय मानक आयएस ४९२६). ट्राफिकमध्ये अडकून तास-दीड तास गेला की काँक्रीट ताठतं, मग ड्रायव्हर किंवा लेबर ड्रममध्ये पाइपने पाणी सोडतो आणि ड्रम जोरात फिरवतो. काँक्रीट छान वाहायला लागतं. ताकद मात्र गेली. हे टाळायलाच साइटवर स्लम्पची चाचणी घ्यायची असते: ३० सेंटीमीटर उंचीचा पत्र्याचा शंकू, त्यात तीन थरांत काँक्रीट ठासायचं, शंकू उचलायचा, ढीग किती खचला ते पट्टीने मोजायचं. दहा मिनिटांचं काम. तुमच्यातला एखादा जागा राहणारा माणूस खुर्ची टाकून चलनावरची वेळ बघत बसला तरी निम्मं काम होतं. कुणाशी भांडायचं नाही, फक्त मोबाइलवर फोटो काढत राहायचं.

तिसरं, चूट धुणं. काँक्रीट ओतून झालं की ड्रायव्हर घसरगुंडीसारखी ती चूट धुतो आणि सिमेंटचं पाणी जवळच्या जाळीत सोडतो. आतमध्ये ते दगड होतं. जूनमध्ये पाणी तुंबलं की सगळे म्हणतात रस्त्याचा उतार चुकला. उतार बरोबर असतो, जाळीखालचा पाइप सिमेंटने भरलेला असतो. धुवायची जागा आधी ठरवून घ्या. ताडपत्री टाकलेला एक खड्डाही चालतो.

मीनाक्षी_चहावाली

रात्री दहा ते पहाटे साडेचार?! आमच्या घरात आजारी सासूबाई आहेत. रात्री दहा ते सहा आवाजाचे नियम नाहीत का?

ड्रमफिरता

ताई, नियम आहेत आणि त्रासही होणार, खोटं सांगत नाही. पण दिवसा भरायचं तर दोन अडचणी. सकाळ-संध्याकाळ बऱ्याच रस्त्यांवर अवजड गाड्यांना बंदी असते, त्यामुळे मिक्सर वेळेत पोचत नाहीत. आणि ताजं काँक्रीट टाकताना ३० अंशांच्या आत लागतं. मार्च-एप्रिलच्या दुपारी ते बर्फाचं पाणी घालूनही जमवणं कठीण.

भरणीपेक्षा जास्त त्रास कटरचा होतो, तेही ऐकून ठेवा. काँक्रीट आकसतं, म्हणून दर साडेचार मीटरवर आडवी चीर पाडतात, जाडीच्या पाव ते एक तृतीयांश खोल. ती वेळेत पाडली नाही तर काँक्रीट स्वतःच वाटेल तिथे तडकतं. रात्री भरलं की चीर पाडायची वेळ सकाळी येते. उन्हाळ्यात अजून लवकर. तो आवाज दातांत जातो. भरणीच्या रात्री कोणत्या, हे आठ दिवस आधी कळलं तर सासूबाईंना दोन दिवस नातेवाइकांकडे नेता येईल. ते वेळापत्रक मागा. तुमच्या दारासमोरच्या अशा रात्री एक-दोनच असतील.

झाडाखाली

कुणी झाडांबद्दल बोललंच नाही. आमच्या रस्त्यावर पोकलेनने मुळं तोडली आणि पुढच्या वादळात दोन झाडं गाड्यांवर पडली. कंत्राटदार म्हणाला वाऱ्याने पडली. बुंध्याभोवती मीटरभर जागा मोकळी सोडायला आणि तिथे हाताने खोदायला सांगा. काम सुरू व्हायच्या आधी प्रत्येक झाडाचा फोटो काढून ठेवा, तारखेसह.

वऱ्हाडी_ठेचा

नागपुरात सिमेंट रोड लई पाहिले बाप्पा. एक गोष्ट लिहून घ्या: लेव्हल. जुन्या रस्त्यावरच थर चढवला की रस्ता वर आणि घर खाली. मग पावसाचं पाणी सोफ्यापर्यंत. खोदकाम कमी केलं की कंत्राटदाराच्या फेऱ्या वाचतात, म्हणून हे होतं. प्रत्येक गेटच्या उंबऱ्याची लेव्हल आधी मोजून घ्या आन् सही घ्या. आमच्या गल्लीत आता गेटसमोर उलटा उतार हाय, स्कूटर काढायला दोन माणसं लागतात.

निवृत्त_दुय्यम

वऱ्हाडी यांचा मुद्दा सोन्यासारखा. बारदान यांनी दीडशे फेऱ्या सांगितल्या. प्रत्यक्षात डंपर फारच कमी बाहेर पडले तर समजा लेव्हल वर जाणार आहे. डंपर मोजणे हे लेव्हल तपासण्याचे गरिबाचे साधन आहे.

राडारोडा कुठे जातो तेही विचारावे. ताडपत्री बांधलेली असावी आणि ठरलेल्या जागेची पावती असावी. तुमच्या गल्लीच्या टोकाला नाला आहे, म्हणून मुद्दाम सांगतो. रात्री दोन वाजता नाल्यापर्यंतचे अंतर फार कमी असते.

लंडनचा_पाऊस

इथला एक प्रकार सांगतो. लंडनमध्ये २०१२ पासून गजबजलेल्या रस्त्यांवर 'लेन रेंटल' आहे. गर्दीच्या वेळी रस्ता खोदून अडवून ठेवला तर खोदणाऱ्याला दिवसाला कमाल २,५०० पौंडांपर्यंत भाडं पडतं. रात्री किंवा गर्दी नसताना केलं तर कमी किंवा शून्य. त्यामुळे पाइप साइटवर आल्याशिवाय कुणी कुदळ मारत नाही. इथेही खड्डे अडवून ठेवलेले दिसतात, स्वर्ग नाहीये, पण रिकाम्या खड्ड्याला पैसे पडतात ही गोष्ट डोक्यात बसलेली असते.

पुणेरी_वळण

आपल्याकडे मनावर घेतलं तर होतं हो. २ ऑक्टोबर २०२२ ला पुण्याच्या चांदणी चौकातला पूल रात्री एकच्या सुमारास पाडला. सहाशे किलो स्फोटकं लावूनही तो सळया धरून राहिला. तरी महामार्ग सकाळी चालू झाला, कारण पोकलेन आणि डंपर आधीच दोन्ही बाजूंना उभे होते. म्हणजे जमतं. फक्त टीव्हीवाले आलेले असावे लागतात.

बारदान

पुणेरी, टोमणा बाजूला ठेवला तरी मुद्दा बरोबर आहे. तिथे एका रात्रीत कोणतं यंत्र कुठे उभं राहणार, हे ठरलेलं होतं. गल्लीच्या कामाला तेवढा विचार कुणी देत नाही, कारण गल्ली लहान दिसते. मुंबईत दोन टप्प्यांत ७०० किलोमीटरच्या आसपास रस्ते काँक्रीटचे करायला घेतले, दर्जा तपासायला आयआयटी मुंबईला नेमलं. पण आयआयटी काँक्रीट तपासणार. तुमच्या पाण्याच्या वेळेत पोकलेन कुठे उभा आहे, हे तुम्हालाच बघावं लागणार.

कोपऱ्यावरचा_वाणी

दुकानदाराच्या बाजूनेही लिहा कुणीतरी. माझा टेम्पो रोज सकाळी सहाला येतो. गॅस सिलिंडरची गाडी, पाण्याचा टँकर, कचऱ्याची गाडी, सगळ्यांना आत यायचंय. आमच्याकडे काम झालं तेव्हा दुकानासमोर एक फळी टाकली होती, ती पण ओली आणि हलणारी. एक आजीबाई पडल्या. त्यानंतर माझ्या दुकानात साठीच्या पुढचं गिऱ्हाईक दोन महिने आलं नाही.

बारदान

वाणीभाऊ, फळी नको. लोखंडी चौकटीचा, कठडा असलेला, खडबडीत पत्र्याचा पूल मागा. दर गेटला एक देणार नाहीत, पण नर्सिंग होम, शाळा आणि दुकानांसमोर द्यायलाच हवा. मालाच्या गाड्यांना सकाळी साडेसात ते नऊ अशी एक खिडकी ठेवा, त्या वेळेत गल्लीत कामाचं एकही वाहन नाही. सहाची वेळ जमणार नाही. साडेचार ते सात पाणी असतं, तेव्हा नुसतं खोदकामच नाही तर सगळंच बंद ठेवलेलं बरं. त्या वेळेत पाइप फुटला तर गल्लीभर कळशा घेऊन फिरावं लागेल.

गल्लीकर

रविवारचा वृत्तांत. दोन तास चालली मीटिंग.

तक्ता दाखवून ३५ दिवसांचा प्रश्न विचारला, तेव्हा साइट इंजिनीअर हसले आणि म्हणाले, "हा ऑफिसने पाठवलेला आहे." मुलगा चांगला वाटला, पंचविशीचा असेल. त्याच्याकडे अशा पाच गल्ल्या आहेत म्हणाला. दुय्यम अभियंत्यांनी नवा तक्ता द्यायला सांगितलं, दोन बाजू वेगळ्या दाखवून.

१०० मीटरची अट: कंत्राटदाराने १५० वर तोडगा काढला, आम्ही मान्य केला. चाचणी खड्डे: मान्य, आमच्यासमोर घेणार. शेवटची तारीख: २८ फेब्रुवारीपर्यंत पहिली बाजू चालू नसेल तर दुसरी ऑक्टोबरात. हे इतिवृत्तात आलंय, सही बाकी आहे. परीक्षेच्या दिवसांत शाळेसमोर कटर आणि ब्रेकर नाही, हेही आलं. उंबऱ्यांच्या लेव्हल पुढच्या आठवड्यात घेणार आहेत. झाडांच्या फोटोंचं आमचं आम्ही सुरू केलंय.

नर्सिंग होमच्या डॉक्टरांनी एक प्रश्न विचारला ज्याला कुणाकडेच उत्तर नव्हतं. भरणीच्या रात्री चालू बाजूवर मिक्सर उभा असणार, तेव्हा अँब्युलन्स आली तर?

आणि पार्किंग. त्यावर चौदा सोसायट्यांची आपसातच जुंपली. शाळेने रात्री आठ ते सकाळी सहा मैदान द्यायची तयारी दाखवली, पण साठच गाड्या बसतात. कुणाच्या साठ, यावरून अजून व्हॉट्सॲपवर रण पेटलंय.

ड्रमफिरता

डॉक्टरांचा प्रश्न नेमका. उपाय आहे. गल्लीत एका वेळी एकच मिक्सर, बाकीचे मुख्य रस्त्यावर थांबतील. आतला मिक्सर उलटा आलेला असतो, म्हणजे तोंड बाहेरच्या दिशेला. अँब्युलन्सचा फोन आला की चूट वर, गाडी बाहेर. ड्रायव्हर जागेवर असेल तर पाच मिनिटं लागतात. ड्रायव्हर बहुतेक वेळा जागेवर नसतो, कोपऱ्यावर चहाला असतो. तेव्हा 'ओतताना ड्रायव्हरने केबिन सोडायची नाही' हे इतिवृत्तात घाला. गल्लीच्या तोंडाशी रात्रभर एक माणूस आणि त्याचा नंबर नर्सिंग होमच्या रिसेप्शनवर. नाल्याच्या टोकाकडे भरणी असेल त्या रात्री मिक्सर नर्सिंग होमच्या पलीकडे असतो, तेव्हा अँब्युलन्सला तसाही अडथळा नाही. नर्सिंग होमपासून मुख्य रस्त्यापर्यंतच्या भरणीच्या रात्रीच जपायच्या. त्या डॉक्टरांना विचारून ठरवा, ज्या दिवशी त्यांच्याकडे ऑपरेशन नसेल.

निवृत्त_दुय्यम

सही बाकी आहे म्हणालात, ती घेतल्याशिवाय पहिला पोकलेन आत सोडू नका. इतिवृत्ताची एक प्रत वॉर्ड ऑफिसच्या आवक विभागात देऊन शिक्का घ्या. साइट इंजिनीअर बदलतात. पाच गल्ल्या सांभाळणारा तर हमखास बदलतो. नव्या माणसाला तोंडी काही माहीत नसते, शिक्क्याचा कागद मात्र वाचता येतो.

कोपऱ्यावरचा_वाणी

पार्किंगचं सुचवतो. ज्यांची गाडी आठवडाभर हलत नाही त्यांना मैदान द्या, रोज काढणाऱ्यांना मुख्य रस्त्यावरचं पे अँड पार्क. न हलणारी गाडीच गल्लीत सगळ्यात जास्त अडवते. शनिवारी रात्री बारा वाजता मालक सापडत नाही, किल्ली गावाला असते.

गल्लीकर

हे पटलं. त्या हिशोबाने यादी करायला घेतो. आमच्या बिल्डिंगमध्येच अशा अकरा गाड्या निघाल्या, त्यातल्या दोनांची हवा गेलीय. त्या ढकलत न्याव्या लागणार.

मीनाक्षी_चहावाली

ढकलायला माणसं लागली तर आमची सोसायटी तुमच्या दुसऱ्या बाजूच्या गल्लीत आहे, सांगा. आणि भरणीच्या रात्रींचं वेळापत्रक मिळालं की इथे टाका, आमचं काम तुमच्यानंतर आहे. तोच कंत्राटदार.